१:६ स्टेन मार्क २ : घासून काढलेली वेल्ड परत चढवली

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्टेन सबमशीनगनचं मॉडेल करतोय, त्याची आठवड्याची प्रगती सांगायची तर एक पाऊल पुढे आणि दोन मागे. नळी (म्हणजे बंदुकीचं अंग), बॅरल आणि मॅगझीनची, म्हणजे काडतुसांच्या पेटीची, चौकट जोडून झाली होती. खरी मार्क २ ७६२ मिलिमीटर लांब, म्हणजे १:६ प्रमाणात बरोबर १२७. माप जुळलं, नळी सरळ बसली, म्हणून खुशीत पुट्टी लावली आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळे सांधे आरशासारखे करून टाकले. प्रायमर मारल्यावर जे दिसलं ते स्टेन नव्हतंच, एखाद्या घड्याळजीने बनवलेलं काहीतरी होतं.

चूक कळायला जुने फोटो मोठे करून बघावे लागले. खऱ्या स्टेनवर वेल्डिंगचे ओघळ तसेच राहिलेले दिसतात. ते घासायला १९४१ मध्ये कुणाला वेळ होता? आदल्या वर्षी फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य परतलं ते हत्यारं मागे टाकून. अमेरिकेची थॉम्पसन सबमशीनगन विकत घ्यायची तर एकेक दोनशे डॉलरच्या आसपास. मग मेजर रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरल्ड टर्पिन यांनी एनफील्डच्या कारखान्यात हे नळीचं हत्यार आखलं. शेफर्डचा एस, टर्पिनचा टी आणि एनफील्डचं एन, झालं स्टेन. मार्क २ चे भाग थोडे, बरेचसे पत्रा दाबून केलेले, खर्च दोन-तीन पौंड. एकट्या मार्क २ चाच आकडा वीस लाखांच्या वर गेला. सैनिक तिला ‘प्लंबरचं दुःस्वप्न’ म्हणायचे, आणि मी तीच पॉलिश करत बसलो होतो.

तर वेल्ड परत चढवली. सुपरग्लूत थोडा बेकिंग सोडा कालवून टूथपिकने थेंब थेंब ठेवत गेलो. मिश्रण लगेच कडक होतं, त्यामुळे एका वेळी अर्धा सेंटिमीटरच करा. बॅरल बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलची आहे, तिच्यावरचं भोकांचं आवरण स्केचपेनच्या कांडीचं. भोकं हाताने पाडली, तीन वाकडी गेली. ती तशीच ठेवली.

मार्क निवडताना गडबड करू नका, मी केली होती. मार्क १ ला पुढे लाकडी मूठ आणि तोंडाशी शंकूसारखा फ्लॅश हायडर (गोळीची ज्वाला लपवणारा भाग) असतो. मी तो मार्क २ ला चिकटवून बसलो होतो. मार्क ३ मध्ये मॅगझीनची चौकट पक्की जोडलेली, आणि ती बनवली कुणी, तर लाइन्स ब्रदर्सने. हे ट्रायँगवाले, खेळणी बनवणारे! खेळण्यांच्या कारखान्यात खरी बंदूक झाली आणि मी खऱ्या बंदुकीचं खेळणं करतोय, यावर घरात बराच विनोद झाला. मार्क २ ची चौकट मात्र फिरते. ती खाली वळवली की काडतूस बाहेर पडायची खिडकी झाकली जाते, धूळ आत जात नाही. माझ्या मॉडेलमध्ये ही एकच हलणारी गोष्ट आहे, त्यामुळे आल्या-गेल्याला ती फिरवून दाखवतो.

मॅगझीनवरून आठवलं. शेजारी साताऱ्याकडचे एक निवृत्त फौजी आजोबा आहेत. मॉडेल हातात घेऊन म्हणाले, “अरे, बत्तीसची मॅगझीन, पण आम्ही तीसच भरायचो.” दुखणं तिथेच होतं. काडतुसं दोन रांगांत चढतात आणि ओठांशी, म्हणजे मॅगझीनच्या तोंडाच्या वळलेल्या कडांशी, येऊन एका रांगेत दाटतात. जरा धूळ गेली किंवा ओठ वाकले की अडकलंच. २७ मे १९४२ ला प्रागमध्ये नाझी अधिकारी हायड्रिखला मारायला गेलेल्या चेकोस्लोव्हाक सैनिक योझेफ गाबचिकची स्टेन त्याच्या गाडीसमोर चाललीच नाही. काम झालं ते साथीदार यान कुबिशच्या बॉम्बने.

आजोबांनी दुसरी चूकही पकडली. मॉडेलसोबतच्या माझ्या छोट्या सैनिकाचा डावा हात मॅगझीनवर होता, फोटोत दिसतो तसा. मॅगझीन ओढली गेली की काडतूस वाकडं चढतं, म्हणून शिकवताना हात बॅरलच्या आवरणावर ठेवायला सांगत. हात कापून नव्याने बसवला. मनगट थोडं लांब झालंय, बाहीखाली लपवीन.

पुढचं मॉडेल ठरलंय : वॉर्सातली ब्लिस्काविका. पोलिश भूमिगतांनी स्टेनवरून ही बंदूक आखली, पण मॅगझीन (स्टेनची डावीकडे आडवी असते) खाली आणि दस्ता जर्मन एमपी ४० सारखा दुमडणारा. चोरून वेल्डिंग करणं अवघड, म्हणून भाग स्क्रू आणि आट्यांनी जोडले. कुंपणाच्या जाळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या आडोशाने साधारण ७०० नग निघाले. शेवटी शेवटी जर्मनांनीही स्टेनची नक्कल केली, एमपी ३००८ नावाने. ज्या बंदुकीला सगळे नावं ठेवायचे तिची नक्कल शत्रूनेही करावी, हे मला फार आवडतं.

सध्या पावसामुळे रंग वाळत नाहीये. काळ्यावर गडद राखाडीचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने हलका रंग) आणि कडांना थोडा चांदीसारखा रंग एवढं बाकी आहे. चटका लागल्यासारखा निळसर डाग वेल्डभोवती द्यावा का, यावर कुणी प्रयोग केला असेल तर सांगा, नाहीतर मी आधी तुटक्या कांडीवर करून बघतो.