झेड 900 ला वायझर लावणार नाहीये

गेल्या दोन महिन्यात चार जणांनी तरी सांगितलं असेल, अरे बाइकला मोठा वायझर, म्हणजे पुढे वारा अडवणारी काच, लावून घे, हायवेला छातीवर वारा घेऊन घेऊन मान जाईल. मान दुखते हे खरंय. तरी लावणार नाहीये, का ते एकदा नीट लिहूनच टाकतो.

गाडी कावासाकी झेड 900, चार सिलिंडर, 948 सीसी, 125 पीएस, वजन 212 किलो. आणि मी राहतो ठाण्यात कासारवडवलीला, म्हणजे रोजचा रस्ता घोडबंदर. सकाळी नऊला पातलीपाड्याला दुसऱ्या गिअरच्या वर जाताच येत नाही, रेडिएटरचा फॅन लागला की गरम हवा पायांवर येते, आणि पावसात रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा आणि पांढरे पट्टे, दोन्हीवर थ्रॉटल जराही उघडायचा नाही. रेन मोडवरच चालवतो तेव्हा, पॉवर कमी होते आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, जास्तीत जास्त लागतं. तरी एकदा माजिवड्याच्या पुलाखाली मागचं चाक सरकलं, बोटभरच, पण घरी येईपर्यंत पोटात गोळा होता.

रविवार मात्र वेगळा. साडेपाचला निघायचं, भिवंडी बायपास, दुर्गाडीचा पूल, शहाड, मग रायत्याला उल्हास नदी ओलांडली की मुरबाड रोड मोकळा मिळतो. चौथ्या गिअरमध्ये चार हजार आरपीएमला नुसता मनगटाचा जरासा पीळ दिला की गाडी अशी ओढते की गिअर पाडायची गरजच नाही. कागदावर 98.6 न्यूटन मीटर टॉर्क 7,700 ला आहे पण खरी मजा त्याच्या खूप खाली, पोटातून येते ती. लोक टॉप स्पीड विचारतात, मला तो माहीतच नाही आणि बघायचाही नाही.

आता वायझरचं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 60 वरून 120 केलं तर छातीवरचा धक्का दुप्पट नाही, चौपट. नेकेड गाडीवर, म्हणजे पुढे काच-आवरण नसलेल्या माझ्यासारख्या बाइकवर, हे शरीराला लगेच कळतं, 80 ला शर्ट फडफडतो, 100 ला हेल्मेट मागे ओढलं जातं, त्याच्या पुढे हात हँडलला घट्ट धरायला लागतात आणि आपोआप वाटतं की बास. मित्राची फुल फेअरिंगवाली (पुढून बाजूंपर्यंत आवरण असलेली) लिटर बाइक, म्हणजे हजार सीसीची, एकदा चालवली होती, काचेमागे एकदम शांत, मला वाटलं 80 असेल, मीटर बघितलं तर 120. त्या दिवशी मी खरंच घाबरलो. सरळगावच्या आसपास पहाटे रस्त्यात म्हशी येतात, शाळेतली पोरं सायकलवर असतात, तिथे आपण 80 वर आहोत की 120 वर हे अंगाला कळलं पाहिजे.

आणि ह्या नेकेड गाड्यांची जातच तशी आहे. 80 च्या दशकात ब्रिटन-युरोपमधली पोरं पडलेल्या स्पोर्ट्स बाइकची फुटलेली फेअरिंग परत न लावता, कारण ती महाग, काढूनच टाकायची आणि वर सरळ हँडल बसवायची, त्यालाच पुढे स्ट्रीटफायटर म्हणायला लागले. मग कंपन्यांनी तेच उचललं, ट्रायम्फने 1997 च्या स्पीड ट्रिपलला दोन गोल हेडलाइट देऊन इंजिन उघडं ठेवलं. उघडं असणं हाच ह्या गाडीचा स्वभाव, त्यावर काच लावून काय करायचं, मग दुसरीच गाडी घ्यावी ना.

मानेचं म्हणाल तर टाकीला गुडघे घट्ट लावायचे, कोपर सैल, कंबरेतून थोडं पुढे वाकायचं, भार हातांवर टाकायचा नाही, अर्धी मान तिथेच वाचते. बाकी दर तासाला थांबतो. परवा टोकावड्याला चहा घेऊन माळशेज चढणार आहे, धुकं असेल तर 40 च्या वर जाणार नाही.