आज ‘तिट’मधला ‘ट’ ऐकू आला!

वयाच्या ४८व्या वर्षी तबला शिकायला घेतलाय. ऑफिसातून आल्यावर, चहा आणि जेवणाच्या मध्ये रोज २० मिनिटं. त्यातली पाच सध्या सूर लावण्यातच जातात. पावसाळी हवेनं पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल होऊन सुरात उतरते, मग हातोडी शोधा, पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे ठोका.

चार महिने एकच कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची एक ठरलेली रचना. धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना. तीनतालाच्या १६ मात्रा. तोंडानं म्हणताना राजधानी एक्सप्रेस, हातात आला की मालगाडी. गुरुजी म्हणतात, लय अर्धी करा. अर्धी केली की चूक लपत नाही, हाच तर त्रास! ‘ति’चं मधलं बोट शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, नीट पडतं, पण ‘ट’ची तर्जनी मागून घाईघाईत येते आणि मनगट लाकडासारखं ताठ होतं. त्यात नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे तालातली बिनवजनाची जागा. तिथे डग्गा (डाव्या हाताचा) घुमायला नको, आणि माझा डावा हात सवयीनं घुमवतोच.

आज कायदा सोडूनच दिला. २० मिनिटं नुसतं तिट, तिट, तिट. भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीवर. कंटाळा? भयंकर. पण पंधराव्या मिनिटाला केव्हातरी खांदा आपोआप खाली आला आणि दोन्ही अक्षरं वेगवेगळी वाजली.

आतून लेक ओरडली, “बाबा, आज नवीन काहीतरी वाजवतोयस का?”

हो म्हणून टाकलं.