गुहागरचा मुक्काम: पंचांग पाहून आखलेली विश्रांती

व्याडेश्वर हे माझ्या सासरचे कुलदैवत असल्यामुळे गुहागरला जाणे आमच्या घरात नवे नाही. मात्र मुंबईतल्या बहुतेक कुटुंबांप्रमाणे आमचेही जाणे आजवर अभिषेकापुरतेच होत असे. रात्रीच्या गाडीने निघायचे, सकाळी देवळात पोहोचायचे, अभिषेक आणि प्रसाद आटोपून वरचा पाट या गावाच्या भागात दुर्गादेवीची ओटी भरायची, समुद्राला उभ्या उभ्या नमस्कार करायचा आणि अंधार पडण्यापूर्वी परतीची वाट धरायची, असा तो क्रम होता. सुमारे सहा किलोमीटर लांबीची, सुरूच्या बनाने कडेवर घेतलेली ती पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, देवळापासून हाकेच्या अंतरावर असूनही आमच्यापैकी कोणी तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत कधी चालत गेलेले नव्हते. गेल्या दिवाळीत सासूबाई म्हणाल्या, “या वेळी मला तिथे नुसते राहायचे आहे. मला कुठेही फिरवू नका.” या एका वाक्यावर आमच्या मुक्कामाची सगळी आखणी झाली.

नुसते राहण्यासाठी आखणी कशाला लागते, असे कोणालाही वाटेल. माझा अनुभव असा की फिरण्याच्या सहलीपेक्षा राहण्याच्या सहलीला अधिक विचार लागतो, कारण फिरताना चुकलेला एखादा तास पुढच्या ठिकाणी भरून काढता येतो, तर एकाच जागी राहणाऱ्याला चुकीचा काळ निवडल्यास रोज तीच अडचण सोसावी लागते. समुद्रकाठी तर हे फारच खरे आहे. ज्यांना आंबा हवा आहे त्यांनी एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात जावे, परंतु तेव्हा दमट उकाडा असतो आणि शाळांच्या सुट्यांमुळे गावात गर्दीही असते. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, पाण्याजवळ जाण्यात धोका असतो, आणि जून-जुलैत मासेमारीही बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आमच्यासारख्यांसाठी उत्तम. त्यातही महाशिवरात्रीला व्याडेश्वराच्या उत्सवाची गर्दी असते, म्हणून ते दिवस आम्ही आधीच वगळले. २६ जानेवारीला जोडून येणारी सुटीही आम्ही टाळली.

आता उरला प्रश्न नेमक्या दिवसांचा, आणि याच ठिकाणी पंचांग उघडले. मुंबईकराला भरती-ओहोटीची आठवण होते ती पावसाळ्यात, साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते आणि त्या दिवशी मुसळधार पाऊस आला तर सखल भागांत पाणी तुंबते, तेव्हा. एरवी दादरच्या किंवा जुहूच्या चौपाटीवर जाताना पाणी आत आहे की बाहेर, हे कोणी विचारत नाही. कोकणात मात्र सगळा दिवस त्यावर चालतो. तेथील जुन्या माणसांचा ठोकताळा असा, की त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्र भरलेला असतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. दोन भरत्यांच्या मध्ये साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. चंद्र रोज उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि हे गणित महिन्याभरात दोनदा फिरून मूळ जागी येते.

याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. अष्टमीच्या आसपास गेल्यास, ज्या दोन वेळा पुळणीवर चालण्याजोग्या असतात त्याच वेळी पाणी वर चढलेले असते आणि भुसभुशीत, उतरत्या वाळूतून पाय रुतवत जावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते शक्य नसते. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास मात्र उजाडताना आणि सूर्यास्ताला समुद्र मागे हटलेला असतो. उधाणाचे दिवस असल्यामुळे ओहोटीही मोठी असते आणि ओली, घट्ट, सपाट वाळू लांबवर मोकळी पडते. सासूबाईंना काठीशिवाय चालता येईल अशी वाळू हीच. म्हणून माघी पौर्णिमा मध्ये धरून चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंतचे दिवस आम्ही निश्चित केले, आणि मग तारखा कार्यालयात कळवल्या. रजा आधी आणि तिथी मागाहून, हा नेहमीचा क्रम उलटा केल्याचे समाधान मला अजूनही वाटते.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगते. गुहागरला रेल्वे नाही. जवळचे सोयीचे स्थानक चिपळूण, आणि तेथून गुहागर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. वंदे भारत चिपळूणला थांबत नाही, खेडला थांबते. त्यामुळे वृद्ध माणूस आणि सामान बरोबर असेल तर सकाळची मांडवी एक्सप्रेस अधिक बरी, कारण ती दादरला आणि ठाण्याला थांबते आणि दुपारच्या आत चिपळूणला पोहोचवते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, आणि कोकण रेल्वेच्या गाड्या किती लवकर भरतात हे मुंबईतल्या कोणाही कोकणी माणसाला सांगावे लागत नाही. पूर्वी नातेवाईक स्वतःच्या मोटारीने महामार्गाने जाण्याचा आग्रह धरत. परंतु पोहोचल्यावर पहिला दिवस पाठ शेकण्यात जाणार असेल तर विश्रांतीचा एक दिवस प्रवासानेच खाल्ला असे होते, म्हणून आम्ही तो विचार सोडला. दापोलीच्या बाजूने येणाऱ्यांना दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने वाहनासह खाडी ओलांडता येते, आणि तो मार्ग सुंदर आहे. चिपळूण स्थानकावरून एसटीच्या स्थानकाकडे रिक्षाने जावे लागते. आम्ही मात्र सरळ गाडी ठरवली आणि मार्गताम्हाण्यावरून निघालो. वाटेत शृंगारतळीची मोठी बाजारपेठ लागते, तेथे औषधे आणि रोख रक्कम घेऊन ठेवावी. पुढे मोडकाआगर मागे पडले की रस्ता उतरू लागतो आणि हवेतला खारेपणा जाणवतो.

राहण्यासाठी आम्ही हॉटेल न पाहता वाडीतले घर पाहिले. गुहागरचे गाव समुद्राला समांतर अशा एका लांब रस्त्यावर वसलेले आहे, आणि रस्त्याच्या पश्चिमेकडील घरांमागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीच्या पलीकडे सुरूचे बन आणि त्यापलीकडे पुळण, अशी रचना आहे. म्हणून खोली मागच्या अंगाला आहे का, आणि वाडीतून समुद्रावर जायला पायवाट आहे का, हे दोनच प्रश्न फोनवर महत्त्वाचे मानावेत. यजमान काकूंनी माझ्या इतर प्रश्नांना शांतपणे उत्तरे दिली आणि स्वतःची एकच अट सांगितली: “तुम्ही या हो, पण जेवायला किती जण ते आदल्या रात्री सांगत जा. नारळ खवायचा, वाटण करायचं, सगळं वेळेत व्हायला हवं ना!” ही अट मला अतिशय न्याय्य वाटली. घरगुती खाणावळीत दुपारी तीनला जाऊन ‘काय मिळेल’ असे विचारणे हा त्या घरातल्या बाईच्या दिवसावर घाला असतो. आम्ही सकाळी न्याहारीच्या वेळीच रात्रीचे जेवणही सांगून टाकू लागलो आणि त्यामुळे घरात पाहुण्यांसारखे न राहता माणसांसारखे राहता आले. घर शाकाहारी होते. माशांची आवड असलेल्या माझ्या पतींना काकूंनीच वेलदूर बंदराची वाट दाखवली.

फेब्रुवारीत आंबा नसतो, परंतु त्या दिवसांचे ताट कोणत्याही अर्थाने उणे नसते. फणसाच्या कुयरीची भाजी, पहिल्या ओल्या काजूगरांची उसळ, कुळथाचे पिठले, घावन आणि नारळाचे दूध, रोज सोलकढी. अंगणात सोललेल्या आणि न सोललेल्या सुपाऱ्या वाळत पडलेल्या असत. त्यांना सुमारे दीड महिना ऊन लागते, आणि संध्याकाळी त्या गोळा करणे व सकाळी पुन्हा पसरणे हे काम घरातली माणसे कोणतीही घाई न करता करत. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई त्या कामात सामील झाल्या. त्यांना विश्रांती हवी होती याचा अर्थ हात बांधून बसणे असा आम्ही घेतला होता. त्यांना मात्र पार्ल्याच्या तिसऱ्या मजल्यावर न मिळणारे असे, बसून आणि चार माणसांत करता येणारे काम हवे होते. समुद्राइतकाच त्यांचा वेळ त्या अंगणात गेला.

दिवसाचा क्रम ठोकताळ्याप्रमाणेच झाला. पहाटे उजाडताच वाडीतून पुळणीवर जावे, पाणी दूर गेलेले असे. दुर्गादेवीच्या बाजूपासून दक्षिणेकडे मन मानेल तितके चालावे, ऊन वर चढू लागले की परतावे. दुपारी भरतीचा आवाज वाडीत ऐकू येई. पौर्णिमेच्या संध्याकाळी पुळणीवर समुद्राकडे पाठ करून उभे राहिल्यास पोफळींच्या शेंड्यांमागून चंद्र वर येताना दिसतो आणि त्याच सुमारास पाठीमागे सूर्य पाण्यात उतरत असतो. हे दृश्य महिन्यातून त्या एका संध्याकाळीच, फार तर तिच्या आदल्या-पुढल्या संध्याकाळी मिळते. रात्री सासूबाई देवळात जाऊन बसत. व्याडेश्वराचे पंचायतन आहे: मध्ये शंकर आणि चार कोपऱ्यांत सूर्य, गणपती, अंबिका आणि लक्ष्मीनारायण. एवढ्या वर्षांत प्रदक्षिणा घालूनही त्या चार लहान देवळांपाशी थांबणे घडले नव्हते. या वेळी प्रत्येकापुढे त्या निवांत बसल्या.

पाण्यात उतरण्याविषयी मात्र गंभीरपणे सांगायला हवे. पुळण देखणी असली तरी तिचा उतार ठिकठिकाणी एकदम खोल होतो, आणि ओहोटी लागताना पाय समुद्राच्या दिशेने ओढले जातात. गावातले लोक सांगतील तेथेच, गुडघाभर पाण्यापर्यंत आणि शक्यतो पाणी चढत असतानाच जावे. निर्जन किनाऱ्याचे सुख हेच त्याचे संकटही आहे, कारण हाक ऐकायला जवळ कोणी नसते.

सासूबाईंनीच एका दिवशी हेदवीला जाण्याची परवानगी दिली आणि तेथेही तिथी कामी आली. हेदवीला दशभुजा गणेशाचे देऊळ आहे. परंतु समुद्राकाठच्या काळ्या कातळातली बामणघळ पाहायची असेल तर भरतीचीच वेळ साधावी लागते, कारण त्या अरुंद चिरेत शिरलेली लाट कोंडून उंच उसळते ती तेव्हाच. ओहोटीला गेलेल्या माणसाला केवळ खडकातली एक फट दिसते. पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारच्या सुमारास असल्यामुळे सकाळी उशिरा निघून गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही नेमके वेळेवर पोहोचलो. कातळ ओला आणि निसरडा असतो, म्हणून अंतर राखूनच उभे राहावे. वेळणेश्वर, अंजनवेलचा गोपाळगड, दीपगृह ही सर्व ठिकाणे जवळच आहेत आणि पाहण्याजोगी आहेत, तरी ती आम्ही विचारपूर्वक वगळली.

आमच्या मुक्कामाला अधिक अर्थ आला तो कासवांमुळे. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या या किनाऱ्यावर रात्री येऊन वाळूत अंडी घालतात, आणि वनविभाग व गावातील कासवमित्र ती अंडी जाळीने वेढलेल्या सुरक्षित जागेत नेऊन पुरतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये येथे उपग्रह यंत्र बसवून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट दिशेचा प्रवासही नोंदला गेला आहे: २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी राहतात ही समजूत त्यामुळे पुन्हा तपासावी लागली. हे सर्व काकूंच्या शेजारी राहणाऱ्या कासवमित्राने आम्हाला जाळीपाशी उभे राहून समजावले. रात्री पुळणीवर विजेरी पेटवू नये आणि वाडीतले समुद्राकडचे दिवे बंद ठेवावेत, कारण उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्ले भरकटतात, हेही त्याने सांगितले. घर निवडताना समुद्राच्या बाजूला प्रखर दिवे लावणारी जागा टाळावी, अशी माझी पुढच्या माणसांना विनंती आहे.

परतीसाठी मांडवीच निवडावी. ती दुपारनंतर चिपळूणला येते, त्यामुळे शेवटच्या दिवशीही सकाळचे चालणे आणि काकूंच्या हातचे लवकरचे जेवण सुटत नाही. रात्री ती मुंबईत आणून सोडते. निघण्यापूर्वी सासूबाईंनी काकूंच्या भिंतीवरचे कॅलेंडर काढायला लावले आणि पुढच्या मार्गशीर्षातली पौर्णिमा कोणत्या वारी येते ते पाहून घेतले. त्या दिवसांसाठी मागची खोली त्यांनी तेथेच सांगून ठेवली आहे, आणि रेल्वेचे आरक्षण उघडण्याची तारीख मी लिहून घेतली आहे.