प्रश्नचिन्हानंतरचा पसारा

गेले तीन आठवडे रोज रात्री मी माझ्या वेबसाइटच्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणी कधी कोणतं पान उघडलं याची नोंद, ओळ न् ओळ वाचते आहे. जुन्या नियतकालिकांच्या अंकांची सूची मी आठ वर्षं एकटीने वाढवली. प्रत्येक अंकाला एक पान. नवं पान शोधात दिसायला महिना लागत होता, आणि का ते लॉगमध्ये सापडलं. गूगलचा क्रॉलर, म्हणजे शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, रोज येत होता, पण नव्या पानांकडे फिरकतच नव्हता. तो यादीपाशीच घुटमळत होता.

यादी पाच प्रकारे लावता येते, तीन रूपांत पाहता येते आणि एका पानावर किती नोंदी हव्यात याचे चार पर्याय आहेत. म्हणजे एकाच यादीचे ६० पत्ते. पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतर येणारे पॅरामीटर, म्हणजे क्रम, रूप, संख्या सांगणारे तुकडे, पुढेमागे झाले, तरी क्रॉलरसाठी तो वेगळाच पत्ता. त्यात माझी जुनी प्रणाली पत्त्याला सेशन आयडी, म्हणजे ती भेट ओळखायचा आकडा, जोडायची. दर भेटीला नवा आकडा, म्हणजे या पत्त्यांना अंतच नाही.

दुहेरी मजकुरासाठी शोधयंत्र शिक्षा करतं, ही भीती मलाही होती. पण फसवणुकीचा हेतू नसेल, तर अशी शिक्षा नसते, हे गूगलने २००८ मध्येच सांगितलं आहे. सारखी पानं एका गटात टाकून त्यातलं एक निकालात दाखवलं जातं. सारखेपणा ओळखण्याची एक रीत मला फार सुंदर वाटते. गूगलच्या संशोधकांनी २००७ च्या एका निबंधात ती मांडली आहे: प्रत्येक पानाचा ६४ बिटांचा (शून्य किंवा एक अशा ६४ खुणांचा) ठसा काढायचा, आणि दोन ठशांत तीनपेक्षा जास्त बिटांचा फरक नसेल, तर ती पानं जवळजवळ सारखी समजायची. ८ अब्ज पानांच्या संग्रहासाठी हे प्रमाण योग्य ठरतं, असं त्यांनी दाखवलं.

शिक्षा नसली, तरी माझं नुकसान खरंच होत होतं. क्रॉलरचा वेळ त्याच यादीच्या प्रतींवर खर्च होत होता आणि अंक वाट पाहत होते.

घाईत मी एक चूक केली. प्रश्नचिन्ह असलेले सगळे पत्ते रोबोट्स फाइलमध्ये (कुठे जाऊ नये हे क्रॉलरला सांगणारी फाइल) बंद केले, आणि त्याच पानांवर मूळ पत्ता सांगणारा कॅनॉनिकल टॅगही लावला. पण जे पान उघडायलाच मनाई आहे, त्यातला टॅग क्रॉलर वाचणार कसा? टॅग लावण्यात घालवलेला आठवडा वाया गेला. मनाई काढली.

हा टॅग फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने एकत्र आणला. गूगल त्याला आज्ञा मानत नाही, सूचना मानतं. रिडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे आपोआप वळवणं), साइटमॅप (क्रॉलरसाठी दिलेली पानांची यादी) आणि साइटच्या आतले दुवे काय सांगतात, तेही पाहतं. माझ्याकडे टॅग एक सांगत होता आणि मेनूतला दुवा क्रम लावलेल्या पत्त्याकडे नेत होता. मेनू आधी सुधारला, मग सेशन आयडी काढून टाकला आणि तशा जुन्या पत्त्यांवर ३०१, म्हणजे कायमचा, रिडायरेक्ट बसवला. पूर्वी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइट चालवणाऱ्यांसाठीच्या साधनात, कोणता पॅरामीटर दुर्लक्षित करावा हे सांगायची सोय होती. ती २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे हे सगळं आपल्याच साइटवर निस्तरावं लागतं.

एका सल्लागाराने सगळे पॅरामीटर पत्त्यातल्या तिरक्या रेघांमध्ये (/) लपवायला सुचवलं होतं. ते केलं नाही, याचं समाधान आहे. प्रश्नचिन्ह दिसतं तेव्हा कोणता भाग गौण आहे हे यंत्राला ताडता येतं. तोच क्रम रेघांमध्ये दडवला, की प्रत्येक प्रत स्वतंत्र पानासारखी दिसू लागते.

यादीचं दुसरं-तिसरं पान मात्र पहिल्या पानाची प्रत नव्हे, त्यावर वेगळे अंक आहेत. त्यांचे टॅग पहिल्याकडे वळवले असते, तर त्या अंकांची वाटच बुजली असती. म्हणून प्रत्येकाला स्वतःचाच पत्ता दिला आहे. परवा चढवलेल्या चार अंकांपैकी तीन काल रात्रीच्या लॉगमध्ये दिसले. चौथ्याचा दुवा तपासायचा आहे.