निवडणारी माणसं

रिओ दि जानेरोत नवीन होते तेव्हाची गोष्ट. रात्री हातगाडी घेऊन आमच्या गल्लीत येणाऱ्या आजोबांना मी रिकाम्या कॅनची पिशवी दिली आणि म्हटलं, "हा लिशो." लिशो म्हणजे कचरा. त्यांनी पिशवी घेतली, शांतपणे म्हणाले, "लिशो नव्हे. माल आहे हा."

असा माल गोळा करणाऱ्या कामगारांना इथे 'कातादोर' म्हणतात. मूळ क्रियापद 'कातार'. शिजत घालण्याआधी घेवड्याच्या दाण्यांतले खडे काढतात, त्यालाही कातारच. म्हणजे आपलं निवडणं! हे कळल्यापासून 'कचरावाले' हा शब्द मला उच्चारवत नाही. २००२ पासून ब्राझीलच्या सरकारी व्यवसाय-यादीतही त्यांच्या कामाची नोंद आहे.

रिओला लागून असलेल्या दुके दि काशियासमध्ये, ग्वानाबारा उपसागराच्या काठी, जार्दिम ग्रामाशोची प्रचंड कचराभूमी होती. (जार्दिम म्हणजे बाग.) ट्रक रिकामा होत असतानाच हजारो कातादोर त्यातून प्लास्टिक, धातू, कागद निवडायचे. जून २०१२ मध्ये ती बंद झाली. कामगारांना प्रत्येकी सुमारे १४ हजार रेआल (ब्राझीलचं चलन) भरपाई मिळाली. रोजची कमाई गेलेल्या घराला ती किती पुरणार?

साओ पावलोत जन्मलेले चित्रकार विक मुनिझ ही कचराभूमी बंद होण्याच्या काही वर्षं आधी तिथे गेले. त्यांनी कातादोरांचे फोटो काढले, एका मोठ्या शेडच्या जमिनीवर प्रोजेक्टरने त्यांच्या आकृत्या पाडल्या, आणि त्या रेषांवर कातादोरांनीच टायर, झाकणं, बाटल्या, चपला मांडल्या. मग उंचावरून त्याचा फोटो. कातादोरांच्या संघटनेचे अध्यक्ष तियाओ कचऱ्यात सापडलेल्या टबमध्ये बसले, फ्रेंच चित्रकार दाविदच्या 'माराचा मृत्यू' या चित्रातल्या, टबातच खून झालेल्या क्रांतिकारक माराच्या पवित्र्यात. लंडनच्या लिलावात ते चित्र २८ हजार पौंडांना गेलं आणि पैसे संघटनेला मिळाले. मला हे फार योग्य वाटतं. ज्यांच्या हातांनी चित्र उभं राहिलं त्यांना नुसती प्रसिद्धी देऊन भागलं नसतं.

ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात मी ते चित्र परवा पुन्हा पाहिलं. लांबून माणूस दिसतो. डोळे पानाजवळ नेले की माणूस विरतो आणि वस्तू सुट्या होतात. प्रत्येक वस्तूपाशी थांबावंसं वाटतं. ढिगातून ती कुणीतरी उचलली, हातात फिरवून पाहिली आणि ठरवलं, ही इथे.