रविवारचे मोडीवाले काका

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा लोकांनी दोनच सल्ले दिले: पैसे एफडीत टाका आणि सकाळी बडोद्याच्या सयाजीबागेत फिरायला जा. दोन्ही केलं. पेन्शन वेळेवर येते, मुलगा पुण्यात मार्गी लागलाय. तरी दुपारचा चहा झाला की मी घरभर येरझाऱ्या घालायचो. शेवटी हिनेच वैतागून आजोबांचं दप्तर माळ्यावरून काढलं आणि पुढ्यात टाकलं. "हे तरी वाचा!"

वाचणार काय, कपाळ! सगळं जुन्या मोडी लिपीत.

मग शिकलो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत सुटायचं. शब्द कुठे तुटतो ते आपण ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, विरामचिन्हं नाहीत. साल बघावं तर तेही अरबी शब्दांत: 'सलास सलासीन मयातैन व अलफ'. तीन, तीस, दोनशे आणि हजार, झाले १२३३. हा शुहूर सन, मृगाच्या सुमारास बदलणारा. त्यात ५९९-६०० मिळवले की इसवी सन १८३२-३३, म्हणजे बडोद्याच्या दुसऱ्या सयाजीराव गायकवाडांची कारकीर्द. हे पहिल्यांदा जुळलं त्या दिवशी जेवणाचं भान राहिलं नाही. प्रमोशनच्या पत्रानेही कधी असं झालं नव्हतं.

आता दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी लोक कागद घेऊन येतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, जमीननो कागळ छे ने?"

मध्यंतरी शहरातल्याच वाडी भागातून सासू-सून आल्या होत्या. कागद सासूबाईंच्या माहेरचा, घड्यांवर चिरलेला. सुनेला वतनाची आशा. निघाला लग्नाचा खर्च! गूळ, तूप, पत्रावळी, वाजंत्री, आणि खाली बाबाशाही, म्हणजे बडोदे संस्थानच्या, रुपयांत बेरीज. सून हिरमुसली. सासूबाईंनी मात्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही बँकेतले ना? बेरीज बघा बरं." बघितली. चार आणे जुळत नव्हते. "खाल्ले असतील कुणीतरी, आमच्याकडे चालायचंच," म्हणून बाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

जुने सहकारी विचारतात, "पानामागे किती घेता?" काही नाही. पैशात काय आहे, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पेन्शन आहे म्हणून मला हे फुकट परवडतं. पण माझ्या खुर्चीवर दुसऱ्याच दिवशी दुसरा बसला आणि काउंटरवर कुणाला फरकही कळला नाही, हेही खरं. इथे मात्र सासूबाई जाताना विचारून गेल्या, अजून एक पेटी आहे, कधी आणू?

सध्या फाइन आर्ट्सची एक मुलगी शिकायला येते. तिचं मोडी अक्षर माझ्याहून देखणं आहे. पण सोळा आण्यांचा रुपया काही तिच्या डोक्यात बसत नाही. दर वेळी दहावर हातचा घेते. या रविवारी तिला नुसत्या बेरजाच घालणार आहे.