शिशाची विषबाधा : आधी पोट, मग ईडीटीए

डाळिंबाच्या बागांमुळे ‘चिलेटेड झिंक’, ‘ईडीटीए’ (धातूला धरून ठेवणारं रसायन) हे शब्द सोलापूरच्या शेतकऱ्याला पाठ आहेत. जनावराच्या अंगात शिसं गेलं की उपचारही त्याच घराण्यातल्या औषधाने होतो. फवारणीची पुडी मात्र जनावराला कधीही पाजू नका. पोटात शिसं असताना तोंडाने दिलेलं ईडीटीए उलट ते रक्तात ओढतं.

शिसं येतं ते बहुतेकदा ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीतून. गोठ्यामागे फुटून पडलेली बॅटरी रेडकं-वासरं चाटत बसतात. एखादी कडब्याच्या गंजीत राहून कुट्टी यंत्रात गेली, तर सगळी दावणच आजारी पडते. डोळ्यांनी दिसेनासं होणं, भिंतीला डोकं लावून उभं राहणं, दात खाणं, कान फडफडणं, रवंथ बंद, मग झटके. पिसाळलेलं जनावरही असंच वागतं, म्हणून हातमोज्याशिवाय तोंडात हात घालू नका.

रक्ताचा नमुना औषधाआधी घ्या, ०.३५ पीपीएम (दहा लाख भागांत ०.३५ भाग) किंवा त्याहून जास्त शिसं म्हणजे संशय खरा. पोटातलं शिसं बांधायला मॅग्नेशियम सल्फेट किलोमागे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे ८० किलोच्या रेडकाला ३२ ग्रॅम, पाण्यातून. जनावर नीट गिळत नसेल तर नळीनेच द्या. बॅटरीचे तुकडे जाळीपोटात (पोटाच्या जाळीदार कप्प्यात) अडकले असतील तर शस्त्रक्रिया करून काढावे लागतात. ते आत राहिले तर सुईतल्या औषधाने रक्तातून काढलेलं शिसं रोज परत भरतं, आणि उपचार फसतो तो बहुधा इथेच.

कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए रोज किलोमागे ७३ मिलिग्रॅम, २-३ वेळांत विभागून, शिरेतून अगदी सावकाश. ८० किलोच्या रेडकाला दिवसाला सुमारे ५.८ ग्रॅम; ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये १ टक्का द्रावण केलं तर ५८० मिली. ३ ते ५ दिवस द्यायचं, २ दिवस थांबायचं, लागलं तर पुन्हा. मधल्या खंडात हाडा-मांसातलं शिसं रक्तात उतरतं. सोबत थायमिन (जीवनसत्त्व बी-१) किलोमागे २-४ मिलिग्रॅम रोज. मेंदूच्या लक्षणांना त्याचा चांगला उपयोग होतो.

बाटलीवर ‘कॅल्शियम’ शब्द आहे ना, हे दोनदा वाचा. नुसतं डायसोडियम ईडीटीए रक्तातलंच कॅल्शियम पकडतं आणि हृदय थांबू शकतं. योग्य औषधही मूत्रपिंडावर भार टाकतं, अंगातलं झिंकही बाहेर वाहून नेतं. जनावर पाणी पितंय, लघवी होतेय, यावर लक्ष हवं. हे सगळं पशुवैद्यकाच्या हातूनच व्हावं.

म्हैस बरी दिसू लागली तरी रक्तातलं शिसं उतरायला महिने लागतात. तपासणी होईपर्यंत तिचं दूध डेअरीला नको, आणि घरच्या लेकरांना तर मुळीच नको.